गेटवर आईला थांबवलं : कार्डावर यमुना, आधारवर सुमन. काय करावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझे बाबा पायदळात होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या पौषात गेले. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, साखरही आहे. बाबा असताना दोन-दोन महिन्यांनी ते तिला एका कॅन्टोन्मेंटमधल्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखवायला न्यायचे. गाव आणि हॉस्पिटल कुठलं ते लिहीत नाही, कारण कुणाची तक्रार करायला मी हा धागा काढलेला नाही. गेटवर बाबा काच खाली करून कार्ड दाखवायचे, संत्री 'राम राम' म्हणायचा, गाडी आत जायची. आईचं कार्ड तिच्या बटव्यातच असायचं. ते बाहेर काढायची वेळ कधी आलीच नाही.

गेल्या मंगळवारी मी तिला घेऊन गेले. बाबांशिवाय पहिलीच खेप. संत्र्याने कार्ड घेतलं, आधार मागितलं. दोन्ही एकाशेजारी एक धरून बघितलं आणि म्हणाला, "माताजी, इसपे यमुना है, इसपे सुमन. ये दोनों आप ही हो?"

आई म्हणाली, "हो, मीच."

त्याने गार्ड कमांडरला बोलावलं. ते वयाने मोठे होते, अतिशय सभ्य. आईला सावलीत खुर्ची दिली, स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. हॉस्पिटलला फोन लावला. पण आत सोडलं नाही. सव्वा तास गेला, ओपीडीची वेळ टळली, आम्ही परत फिरलो. आई रस्ताभर गप्प होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मी कोण हे सांगायला आता तेच नाहीत."

नावाची भानगड अशी. माहेरची ती यमुना. चौथीपर्यंत शाळा, दाखल्यावर यमुना. लग्नात बाबांनी ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने 'सुमन' लिहिलं. तेव्हापासून रेशनकार्ड, मतदार यादी, पुढे आधार, सगळीकडे सुमन. पण रजा संपवून बाबा युनिटमध्ये परतले तेव्हा दाखवायला त्यांच्याकडे आईचा शाळेचा दाखलाच होता. त्यामुळे फौजेच्या कागदांत यमुना लागली ती लागलीच. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, यमुना; ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावरही यमुना.

माझे प्रश्न :
गेटवर नेमकं काय काय बघतात? दुरुस्ती कुठल्या कागदात करायची, आधारमध्ये की फौजेच्या रेकॉर्डमध्ये? आणि ती होईपर्यंत आईने औषधपाण्यासाठी जायचं कसं?

---

खडकीकर

रानजाई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

आमचं बालपण खडकीत गेलं, त्यामुळे गेट काही नवीन नाही. एक गोष्ट पक्की सांगतो : मोबाइलमधला कार्डाचा फोटो किंवा झेरॉक्स यावर भिस्त ठेवू नका. मूळ कार्ड हातात हवं. गाडी असेल तर लायसन्स आणि आरसीही. आणि आईंसोबत तुम्ही जाता तेव्हा तुमचीही ओळख तपासली जाणार. तुम्ही विवाहित असाल तर वडिलांच्या कार्डावर तुमचा हक्क नाही, तुम्ही फक्त सोबतचं माणूस. तुमची नोंद वेगळी होते.

बाकी सुभेदार साहेब येऊन सांगतीलच.

---

उन्हाळवाट

वाचून संताप आला. ज्या माणसाने आयुष्य सीमेवर घालवलं त्याच्या बायकोला, तेही आजारी असताना, सव्वा तास दारात बसवायचं? चेहरा बघून कळत नाही का? सत्तरीच्या बाईपासून कुठल्या तळाला धोका आहे? नियम माणसांसाठी असतात. त्या गार्ड कमांडरला एक अपवाद करता आला असता.

---

निवृत्त सुभेदार

रानजाई ताई, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. उन्हाळवाट, तुमचा राग मनापासूनचा आहे म्हणून आधी तुम्हाला उत्तर देतो.

मी बावीस वर्षं पायदळात होतो. त्यानंतर डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झालो. डेपो, कारखाने, तळ यांच्या गेटवर जी थोडी वयस्कर जवान मंडळी दिसतात ती बहुतेक डीएससीची. एकदा निवृत्त होऊन परत वर्दी चढवलेली माणसं. म्हणजे गेटवर मी दोन्ही वयांत उभा राहिलोय.

संत्र्याला अपवाद करण्याचा अधिकार नसतो. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कठोर वाटते, पण तिच्यातच त्या पोराचं रक्षण आहे. त्याला एकदा चेहरा बघून सोडायची मुभा दिली की उद्या जो माणूस त्याला चेहऱ्याने फसवील त्याचा दोषही त्याच्याच माथी येणार. त्याचं काम एवढंच : कागद जुळतो का बघायचं, जुळला नाही तर गार्ड कमांडरला बोलवायचं. गार्ड कमांडर त्याच्यावरच्या ड्यूटी ऑफिसरला विचारतो. ताईंच्या बाबतीत ही साखळी चालली. खुर्ची दिली, पाणी दिलं, फोन केला. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्याने केलं.

आता धोक्याचं. 2 जानेवारी 2016 ला पठाणकोटच्या हवाई तळावर जे शिरले त्यांच्या अंगावर फौजेसारखेच कपडे होते. त्याआधी त्यांनी निळा दिवा असलेली पोलिस अधिकाऱ्याची गाडी पळवली होती. दिवा आणि वर्दी, या दोन गोष्टी बघून आपण सगळेच रस्ता सोडतो. त्या दिवशी डीएससीचे पाच जण गेले. त्यातले जगदीश चंद मेसमध्ये होते, हातात हत्यार नव्हतं. ते अतिरेक्याच्या मागे धावले, त्याचीच रायफल हिसकावून त्याला मारलं आणि मग दुसऱ्याच्या गोळीने गेले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. आमच्या डीएससीच्या बराकीत हे नाव घेतलं की अजूनही सगळे गप्प होतात.

त्याही आधी, 14 मे 2002, जम्मूजवळचं कालुचक. तिथेही अंगावर वर्दी होती. आणि मारली कोण? फॅमिली क्वार्टरमधल्या बायका आणि पोरं. म्हणजे गेटवर संत्री जे राखतो त्यात तोफा-बंदुका आहेत, तशीच ताईंच्या आईसारख्यांची घरंही आहेत.

उन्हाळवाट, तुम्ही म्हणाल की पठाणकोटला ते गेटमधून आलेच नाहीत, मागची भिंत चढून आले. बरोबर आहे. म्हणूनच त्यानंतर लेफ्टनंट जनरल फिलिप कॅम्पोज यांची समिती नेमली गेली आणि देशभरच्या तळांची सुरक्षा तपासली गेली. भिंत ढिली असली म्हणून दार उघडं टाकता येत नाही.

ताईंच्या प्रश्नांवर रात्री सविस्तर लिहितो. तोवर एक काम करा. वडिलांची ट्रंक असेल ना, काळी, पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेली? ती उघडा. पेन्शनच्या कागदांसाठी नवरा-बायकोचा जोडफोटो काढावा लागतो. त्याची एखादी प्रत फौजी माणूस सहसा जपून ठेवतो. तो फोटो शोधा.

---

उन्हाळवाट

सुभेदार साहेब, तुमचं म्हणणं पटलं. जगदीश चंद यांच्याबद्दल मला माहीत नव्हतं. पण खुर्चीची सोय त्या गार्ड कमांडरच्या भल्या मनावर अवलंबून होती, हे मला अजून खटकतंय. पेन्शनर मंडळी म्हातारीच असणार. प्रत्येक गेटवर त्यांच्यासाठी छप्पर, बाक आणि पाणी हवंच. त्यात सुरक्षेचा काही प्रश्न येत नाही.

---

निवृत्त सुभेदार

छपराबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आता ताईंचं काम.

दुरुस्ती कुठे? आधारमध्ये नाव बदलण्याची संधी आयुष्यात दोनदाच मिळते, आणि यमुनाची सुमन हा स्पेलिंगचा फरक नव्हे, पूर्ण वेगळं नाव आहे. मतदार यादी, बँक, जमीन, सगळीकडे सुमन असेल तर तिकडे हात लावू नका. फौजेच्या रेकॉर्डमध्ये दुरुस्ती करा. सोपं नाही, पण एकदा झालं की कायमचं.

कशी? 'यमुना आणि सुमन या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र करा. त्याला शाळेचा दाखला, आधार, वडिलांचा मृत्यू दाखला, पीपीओ आणि तो जोडफोटो जोडा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावाची जाहिरात द्या, अर्ज ऑनलाइन होतो. मग हे सगळं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून ते तुमच्या वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. वडील ज्यातले होते तिकडे. तिथे नोंद बदलली की पीपीओची दुरुस्ती प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडून येते. हल्ली पेन्शनचं बरंचसं काम स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर होतं, त्यामुळे तिथलं नावही त्याच वेळी बघून घ्या.

एक वडीलकीचा सल्ला : 'यमुना'च्या जागी 'सुमन' करा असं मागू नका. 'यमुना उर्फ सुमन' मागा. जुने सगळे कागद यमुनाच्या नावाचे आहेत, ते खोटे ठरायला नकोत.

आणि ताई, हे गेटवर अडलं ते वेळेवर अडलं असं मला वाटतं. फॅमिली पेन्शन सुरू होताना आणि दर वर्षी हयातीचा दाखला देताना हेच नाव आडवं येणार होतं.

तोपर्यंत काय? ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या प्रमुखांना भेटा. पॉलिक्लिनिक पुष्कळ ठिकाणी मुख्य गेटच्या बाहेरच असतं. प्रतिज्ञापत्राची प्रत द्या, मूळ पीपीओ दाखवा, आणि हॉस्पिटलात पाठवायचं असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या. आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या चौकशी कक्षाला कळवून ठेवा. तात्पुरता पास लागलाच तर तो स्टेशन हेडक्वार्टरकडून मिळतो, संत्र्याकडून नाही. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

गेटवर काय काय बघतात हे तुम्ही विचारलंत. कागद, चेहरा, गाडी एवढं सांगतो. गाडीखाली लांब दांड्याचा आरसा फिरवतात तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. याहून जास्त मी लिहिणार नाही आणि इतर कुणी फौजी इथे असतील तर त्यांनीही लिहू नये.

---

पाचवा मैल

विषय थोडा बाजूला नेतो, पण संबंध आहे.

मी फौजी कुटुंबातला नाही. माझं घर कॅन्टोन्मेंटला लागून आहे आणि कामावर जायचा रस्ता आतून जातो. महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट बोर्डं : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. या सगळ्यांच्या आजूबाजूला माझ्यासारखी हजारो माणसं राहतात. (शहरांची नावं बदलली, पण बोर्डांची जुनी नावंच तोंडात बसलेली आहेत म्हणून तशी लिहिली.) आमच्यासाठी गेट म्हणजे हॉस्पिटल किंवा कँटीन नाही, रोजची वाट आहे. एक दिवस सकाळी जाऊन बघावं तर बॅरियर पडलेला. पोराच्या शाळेला आठ मिनिटं लागायची तिथे पस्तीस लागायला लागली.

2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्यात कलम 258 आहे. सुरक्षेखेरीज दुसऱ्या कारणासाठी बोर्डाला रस्ता कायमचा बंद करता येत नाही, आणि त्याआधी जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मे 2018 मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशभरातले असे बंद रस्ते उघडण्याचा आदेश दिला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

सुरक्षेला माझा विरोध नाही. ओळखपत्र विचारा, गाडी तपासा, रात्री बंद ठेवा. पण हा रस्ता कुणी, कुठल्या आदेशाने, किती दिवस बंद केला याचा कागद गेटवर लावा. आम्ही आमचा कागद दाखवतो, तसा तुमचाही दिसू दे.

---

खडकीकर

पाचवा मैल, शेवटचं वाक्य मनापासून पटलं.

---

निवृत्त सुभेदार

पाचवा मैल, 2018 ला रस्ते उघडले तेव्हा आमच्या बाजूच्या घरांत काळजी होती, तीही ऐका. नवरा फील्डवर, बायको दोन पोरांना घेऊन क्वार्टरमध्ये, आणि घरासमोरून रात्री बारा वाजता अनोळखी गाड्या. मागचा कालुचकचा उल्लेख मी उगाच केला नव्हता.

पण सूचना लावायला हवी, हरकती ऐकायला हव्यात, हे कायद्यातच आहे म्हटल्यावर त्यावर माझं काही म्हणणं नाही. फौज कायद्याने चालते.

---

वीटभट्टी

मी छोटा ठेकेदार आहे. एमईएसची, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसची, रंगरंगोटी, गिलावा, प्लंबिंगची कामं घेतो. गेटचा अनुभव रोजचा, म्हणून लिहितो.

माझ्याकडची माणसं नांदेड, लातूर, बीदरकडची. प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, मग लेबर पास. पडताळणी मूळ गावच्या पोलिस ठाण्यातून येते. त्याला महिना-दीड महिना लागला की काम तिथेच खोळंबतं. पण मी तक्रार करत नाही. एकदा माझ्याकडे एक जण दुसऱ्याचा पास घेऊन आला होता. गावाकडचा चुलतभाऊ आजारी म्हणून त्याच्या जागी. मन साफ, पोटासाठी आलेला. मी त्याला गेटच्या पन्नास पावलं आधी परत पाठवला. पकडला गेला असता तर त्याची जिंदगी गेली असती आणि माझं नाव यादीतून उडालं असतं.

मला वेगळंच सांगायचंय. ज्या गेटवर अंगठा लावून हजेरी असते तिथे गवंड्यांचे हाल होतात. सिमेंटमध्ये वीस-वीस वर्षं हात घालून बोटांच्या रेषाच गेलेल्या असतात. माझ्याकडचे एक मिस्त्री, साठीला आलेले, मशीनवर अंगठा ठेवतात, उचलतात, लुंगीला पुसतात, परत ठेवतात. लाल दिवा. दहाही बोटं करून झाली. मागे रांग वाढते, माणूस खाली मान घालून उभा. शेवटी आम्ही युक्ती काढली : आदल्या रात्री खोबरेल तेल चोळून झोपायचं, सकाळी गरम पाण्यात हात बुडवायचे. निम्म्या वेळा लागतो. उरलेल्या निम्म्या वेळा फोटो जुळवून रजिस्टरवर सही घेतात. ती सोय आहे म्हणून चाललंय. मशीनच सगळं ठरवणार असेल तर आयुष्यभर राबलेला हातच बाहेर राहील.

---

उन्हाळवाट

वीटभट्टी, हे वाचून गलबललं.

---

अटलांटिकपार

इथे अमेरिकेत नॉरफोकला असते, व्हर्जिनियात. जगातला सगळ्यात मोठा नौदल तळ इथे आहे. माझा नवरा नौदलात आहे, अमेरिकेचाच नागरिक, त्यामुळे रोज त्याचं कार्ड स्कॅन होऊन गाडी आत जाते.

गेल्या वर्षी सासरच्यांना, म्हणजे त्याच्या अमेरिकन आत्याला, आणि माझ्या आईबाबांना एकाच आठवड्यात आत न्यायचं होतं. आत्याकडे रिअल आयडी, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या ओळखपत्राच्या निकषांत बसणारं, लायसन्स होतं. (तो नियम 7 मे 2025 पासून विमानतळांवर लागू झाला, लष्करी तळांवर त्याच्या बऱ्याच आधीपासून बघतात.) नवऱ्याने स्पॉन्सर म्हणून नाव दिलं, व्हिजिटर सेंटरमध्ये तिची पार्श्वभूमी तपासली, पास मिळाला. आईबाबांचे पासपोर्ट भारतीय. परदेशी नागरिकांसाठी मंजुरी कितीतरी आधी घ्यावी लागते, हे आम्हाला उशिरा कळलं. जहाज परत येणार होतं, धक्क्यावर सगळ्यांची कुटुंबं जमणार होती. आईने जावयासाठी बेसनाचे लाडू केले होते. ते दोघं गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले आणि मी एकटी आत गेले.

म्हणून रानजाई, तुमच्या आईचं 'मी कोण हे सांगायला आता तेच नाहीत' वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईचीही ओळख त्या दिवशी 'जावयाची सासू' एवढीच होती आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती.

---

झुआरीकाठ

वास्कोहून. मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. दाबोळीचा विमानतळ म्हणजे मुळात नौदलाचा आयएनएस हंसा तळ, हे इथे उतरणाऱ्या कितीतरी पर्यटकांना ठाऊकच नसतं. पुण्याचं लोहगावही तसंच, तळ हवाई दलाचा. धावपट्टीजवळ मोबाइल काढून रील करतात आणि मग सुरक्षेच्या माणसाने हटकलं की वाद घालतात. मोबाइल खिशात ठेवा, एवढंच सांगणं.

ड्रोनबद्दल माझ्या व्यवसायातल्या मुलांसाठी लिहितो. 27 जून 2021 ला जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली. त्यानंतर नौदलाने आपल्या तळांभोवती तीन किलोमीटरपर्यंत ड्रोनला बंदी जाहीर केली. लग्नाचा हॉल तळापासून दोन किलोमीटरवर असेल तर नवरदेवाचे वडील कितीही आग्रह करोत, ड्रोन पेटीतून काढायचा नाही. मी बुकिंग घेतानाच डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर हॉलची जागा बघतो आणि लाल भागात असेल तर लगेच सांगून टाकतो. दोन गिऱ्हाइकं त्यापायी गेली. जाऊ देत.

---

माणदेशी

रानजाई, आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी. अपशिंगे गावाला तर मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. तुमच्या आईसारख्या दहा बायका मी तुम्हाला आत्ता मोजून दाखवते. एकीचं कागदावर 'बाई' लागलंय, आधारला नाही. एकीच्या नवऱ्याचं नाव ज्ञानेश्वर, ते इंग्रजीत एकीकडे 'डी'ने सुरू होतं, दुसरीकडे 'जी'ने, कारण रेकॉर्ड लिहिणारा कारकून उत्तरेकडचा. लग्नात नाव बदलायची आपली रीत, आणि फौजेच्या कागदात एकदा लागलेलं नाव हलत नाही. हे दोन्ही एकमेकांना माहीत नाहीत.

माझी चुलती तर कार्ड असून जातच नाही. "तिथं इंग्रजी-हिंदीत इच्यारत्यात, मला उत्तर येत न्हाई," म्हणते. खाजगी डॉक्टरला पैसे देते. हक्काचं औषध सोडून देते. त्यापेक्षा गावातल्या माजी सैनिक संघटनेने महिन्यातून एक दिवस सगळ्या विधवांचे कागद एकत्र बसून तपासावेत. आम्ही येत्या रविवारी शाळेत बसतोय. सुभेदार साहेबांची वरची पोस्ट छापून भिंतीला लावणार आहे, चालेल ना?

---

निवृत्त सुभेदार

जरूर लावा, ताई. आणि चुलतींना सांगा, गेटवर घाबरायचं कारण नाही. 'थम!' हा शब्द सगळ्यांसाठी सारखाच असतो. आम्हाला जुने उस्ताद सांगायचे, इंग्रजांच्या काळात संत्री 'हू कम्स देअर' ओरडायचा, शिपायांच्या तोंडात त्याचं झालं 'हुकुमदार'. रात्री कर्नल आला तरी त्याला हुकुमदार ऐकून थांबावंच लागायचं. थांबवणं म्हणजे अपमान नव्हे. चुलतींनी सरळ मराठीत सांगावं, "मी अमक्याची बायको, हे माझं कार्ड." समोरचा मराठी नसला तर तो मराठी जाणणाऱ्याला बोलवील.

रानजाई ताई, ट्रंक उघडलीत का?

---

रानजाई

उघडली. उशिरा लिहितेय त्याबद्दल माफ करा, महिना धावपळीत गेला.

ट्रंक माळ्यावर होती. किल्ली आईच्या मंगळसूत्राच्या डबीत सापडली. वरती घडी केलेलं ब्लँकेट, खाली मेडलचा डबा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक. त्याच पिशवीत तपकिरी पाकिटात जोडफोटोच्या चार प्रती होत्या. बाबा ताठ बसलेत, आईच्या डोक्यावरून पदर, दोघांचेही डोळे किंचित मोठे झालेले. मागे बाबांच्या अक्षरात, निळ्या शाईत : 'सौ. यमुना (सुमन)'. त्यांनी स्वतः कंसात लिहून ठेवलं होतं. आई तो फोटो बराच वेळ हातात धरून होती. मग मलाच म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं बघ."

प्रतिज्ञापत्र झालं. राजपत्राचा अर्ज भरला, त्यात जाहिरात छापून आली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कारकूनबाईंनी सगळे कागद क्रमाने लावून दिले आणि दोन कमी होते ते सांगितले. 'यमुना उर्फ सुमन' अशीच मागणी केली. रेकॉर्ड ऑफिसकडून पोच आलीय, दुरुस्ती अजून यायची आहे.

आणि काल आईला हॉस्पिटलला नेलं. पॉलिक्लिनिकचं लेखी, प्रतिज्ञापत्र, मूळ पीपीओ, फोटो, सगळं एका फाइलमध्ये. गेटवर या वेळी दुसराच मुलगा होता, विशीतला. त्याने कार्ड घेतलं, आधार घेतलं, आणि तोच प्रश्न विचारला. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा हात दाबला. स्वतः फाइल उघडून जोडफोटो काढला, उलटा करून मागची अक्षरं दाखवली आणि हिंदीत म्हणाली, "ये मेरे हवालदार साब का अक्षर है. दोनों मैं ही हूँ." तरी त्याने गार्ड कमांडरला बोलावलंच. त्यांनी पॉलिक्लिनिकचं लेखी वाचलं, फोन लावून खात्री केली, रजिस्टरमध्ये नोंद केली, गाडीखालून आरसा फिरवला. बारा मिनिटं लागली. आत सोडलं.

डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांगितलाय. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

उन्हाळवाट, त्या गेटवर बाक अजून नाही. मी स्टेशन हेडक्वार्टरला विनंतीचं पत्र लिहिलंय, पेन्शनरांसाठी सावली आणि बसायची सोय करावी म्हणून. इथल्या कुणाला तसंच पत्र आपल्या गावी द्यायचं असेल तर मजकूर देते.

---

उन्हाळवाट

मजकूर नक्की टाका. मी आमच्याकडे देते.

---

पाचवा मैल

मलाही हवा. शेवटी रस्त्याच्या सूचनेबद्दल एक ओळ घालून देईन.

---

नवा सभासद

वाचून हिंमत आली म्हणून लिहितोय. आजोबा 1971 च्या लढाईत होते, 1994 ला गेले. आजी आहे, ऐंशीच्या पुढे. तिचं कसलंच कार्ड नाही, पेन्शनही मध्येच बंद झाली होती, घरात कुणी पाठपुरावा केला नाही. आजोबांचं डिस्चार्ज बुक तेवढं आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण पहिलं पान शाबूत आहे. त्याचा फोटो इथे टाकू का? कुणी बघून सांगेल का पुढे काय करायचं?

---

निवृत्त सुभेदार

फोटो इथे अजिबात टाकू नका. त्या पानावर आजोबांचा आर्मी नंबर, युनिट, घरचा पत्ता सगळं असतं. चुकून टाकला असलात तर लगेच काढा.

पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, वाळवीचं औषध त्याला लावू नका, शाई जाते. आजोबांचा मृत्यू दाखला, आजीचं आधार आणि बँकेचं जुनं पासबुक सोबत घ्या. पेन्शन जमा झालेली एखादी नोंद पासबुकात सापडली तर त्या पानाला खूण करा. सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आजीला पहिल्या फेरीला नेऊ नका, आधी तुम्ही जाऊन या. आणि आजीचं माहेरचं नाव काय होतं ते आज रात्रीच विचारून ठेवा.